सुई टोचण्याआधी

माघ सरत आला की कर्जत तालुक्यात ज्वारीची काढणी निघते आणि दवाखान्यात आधी कंबरा, मांड्या, दंड येतात. त्यांचे मालक मागून. इकडे ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. दिवसभर वाकून उपटायची, पेंढ्या बांधायच्या. पहिल्या दिवशी काही वाटत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाटेवरून उठवत नाही. हे दुखणे 24 ते 72 तासांत शिगेला पोचते आणि आठवड्यात आपोआप विरते. त्याला ना रक्ततपासणी लागते ना सुई. पण मिरजगावसारख्या ठिकाणी ते इतके येते की त्या गर्दीत खरोखरच स्नायू सुजलेला एखादा माणूसही रांगेत शिरतो, कमरेत सुई घेतो आणि एसटी पकडतो.

*

पहिला प्रश्न : दुखतंय, की बळच नाही?

लोक दोन्हीला "अंग गळालंय" म्हणतात, म्हणून विचारून भागत नाही, करून घ्यावे लागते. "मामा, उकिडवे बसा. आता हात न टेकता उठा." काढणीने आंबलेला माणूस कण्हत कण्हत, शिव्या देत का होईना, उठतो. ज्याच्या स्नायूतच बिघाड आहे त्याला दुखो न दुखो, उठताच येत नाही. तो गुडघ्यावर हात रोवतो, मग मांडीवर, आणि स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहतो. बायकांना विचारायचे : हंडा डोक्यावर कोण चढवून देतं? वेणी स्वतः घालता का? एसटीच्या पायरीवर पाय उचलतो का? ही उत्तरे कुठल्याही यंत्राआधी मिळतात, आणि फुकट.

दंड आणि मांड्या आधी जातात, पंजे शाबूत राहतात, असे असेल तर स्नायूचा संशय. पंजे आधी लुळे पडत असतील तर नसांचा.

*

दुसरा प्रश्न लघवीचा, आणि तो सगळ्यांनाच अवघड जातो. विचारणाऱ्यालाही. बाईमाणूस असेल तर सोबतच्या सासूकडे बघते. तरी विचारायचाच : रंग कसा होता?

स्नायूचे तंतू मोठ्या प्रमाणात फुटले की त्यातले मायोग्लोबिन रक्तात येते आणि मूत्रपिंडातून गाळले जाते. लघवी कोऱ्या चहासारखी होते. गावात तिला "उन्हाळी लागली" म्हणतात आणि धन्याचे पाणी, सब्जा, बर्फाचा गोळा सुरू होतो. पाणी पिणे चांगलेच. पण तेवढ्यावर थांबले तर तिसऱ्या दिवशी लघवीच बंद.

यासाठी एक साधी युक्ती आहे आणि ती छोट्या लॅबमध्येही होते. लघवीत तपासपट्टी बुडवायची. पट्टी म्हणते रक्त आहे. मग तीच लघवी सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, ज्याच्यावर मलेरियाची काच बघतात त्याच. तिथे तांबड्या पेशी दिसत नाहीत, किंवा नावापुरत्या दिसतात. पट्टीला रक्तपेशी कळत नाही, फक्त त्यातले हीम कळते, आणि ते मायोग्लोबिनातही असते. पट्टी हो म्हणते, काच नाही म्हणते : हा विसंवाद दिसला की गाडी काढायची. सीपीके म्हणजे फुटलेल्या स्नायूतून रक्तात येणारे एन्झाइम; त्याच्या रिपोर्टची वाट बघत बसायचे नाही.

उलटे मात्र खरे नाही. मायोग्लोबिन काही तासांत निघून जाते. दुसऱ्या दिवशी आलेल्या माणसाची लघवी स्वच्छ दिसेल आणि सीपीके तेव्हा कुठे शिखरावर जात असेल. म्हणून प्रश्न "आता कशी होते" असा नाही, "काल रात्री कशी झाली" असा.

*

सीपीकेचा आकडा. लॅबच्या कागदावर वरची मर्यादा दोनशेच्या आसपास छापलेली असते. ती खुर्चीवर बसणाऱ्यांची आहे. कोयता चालवणाऱ्या, हमाली करणाऱ्या, भरतीसाठी पळणाऱ्या माणसाची सीपीके चारशे आली तर त्याला आजारी ठरवू नये. पाचपट म्हणजे हजाराच्या वर गेली तर कान टवकारायचे. पाच हजाराच्या वर गेली तर मूत्रपिंडाची काळजी. आणि एका आकड्यापेक्षा दुसऱ्या दिवशीचा दुसरा आकडा जास्त बोलतो : कारण संपले असेल तर तो रोज जवळजवळ निम्म्याने उतरतो. उतरत नसेल तर आत काहीतरी चालूच आहे.

आता गोम अशी की कमरेत दिलेली सुई स्वतःच सीपीके वाढवते. स्नायूत सुई, औषधाचा दाह, दोन-तीन दिवस आकडा वर. सकाळी एकाने डायक्लोफिनॅक टोचले, दुपारी दुसऱ्याने आणखी एक, संध्याकाळी तिसऱ्याने रक्त काढले. मग सहाशे आलेली सीपीके आजाराची की आम्हा तिघांची, हे कोण सांगणार? शक्य असेल तर आधी रक्त, मग सुई. सर्वांत बरे, सुईच नाही.

*

एसजीओटी वाढलेली दिसली की गावात "लिव्हरला सूज" जाहीर होते. पेशंट काविळीचे औषध घ्यायला कुठल्या तरी वाडीवर जातो, तेल-मीठ सोडतो. पण एसजीओटी स्नायूतही भरपूर असते. बिलिरुबिन ठीक, एसजीपीटीपेक्षा एसजीओटी बरीच जास्त, डोळे पांढरे आणि मांड्या दुखताहेत, तर यकृताला दोष देण्याआधी एक सीपीके करावी.

लहान मुलगा सारखा पडतो, पोटऱ्या पैलवानासारख्या भरलेल्या आहेत, आणि कागदावर "लिव्हर" लिहिलेले आहे, असेही होते. ते अचानक आलेले दुखणे नसते, जन्माचे असते. पण फाइल तीच, चूकही तीच.

*

आषाढीच्या आधी त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी नगर, साकत, घोगरगाव करत मिरजगावात येते आणि पुढे कर्जतकडे जाते. दोन दिवस रस्त्याच्या कडेने नुसत्या पोटऱ्या. दरवर्षी चालणारे म्हातारे तेल मागतात आणि गप्पा मारतात. पहिल्यांदा चालणारी नोकरदार पोरे मोबाइलवर आपली सीपीके विचारतात. एकदा जे काम स्नायूने पचवले ते दुसऱ्यांदा त्याला तेवढे फोडत नाही, हे शरीरशास्त्रात आता नीट मांडलेले आहे; वारकऱ्यांना ते माहीत होतेच. हीच गोष्ट कोयत्याची : ऊसतोडीला गेलेला माणूस पहिल्या आठवड्यात कोलमडतो, तिसऱ्या महिन्यात नाही. तिसऱ्या महिन्यात कोलमडला तर कारण श्रमाखेरीज दुसरे शोधावे.

वारीत एक गोष्ट जरूर बघावी. दोन्ही पोटऱ्या सारख्या दुखत असतील तर श्रम. एकच पोटरी फुगली आहे, टेपने मोजली तर दुसरीपेक्षा तीन सेंटिमीटरने जास्त, तर शिरेत गुठळी असेल. आणि तीच पोटरी रगडायला कोणीतरी पुण्यवान माणूस तेलाची बाटली घेऊन बसलेला असतो.

*

पहाटे सोलापूर रस्त्याच्या कडेने भरतीची पोरे पळतात. पोलिसाला 1600 मीटर, राज्य राखीव दलाला 5 किलोमीटर. जाहिरात आली की महिनाभर घरी बसलेला मुलगा एका सकाळी शंभर बैठका, दोनशे जोर काढतो, वर दुधातून कसली तरी पावडर. दुसऱ्या दिवशी कोपर सरळ होत नाही, दंड टणक, लघवी गडद. हा मुलगा आईला काही सांगत नाही, मित्राला सांगतो. म्हणून मित्राला बाहेर पाठवू नये.

*

सहा-सात वर्षांचा मुलगा. तीन दिवस ताप-सर्दी, मग ताप उतरला, शाळेत जाणार म्हणून सगळे खूश, आणि सकाळी पोर पाय टेकेना. आईच्या कडेवर आला. खाली ठेवला तर टाचा वर, चवड्यांवर, भिंतीला धरून चार पावले चालला आणि रडायला लागला. आजी म्हणाली, "वारं गेलं अंगावरून." बापाच्या तोंडून पोलिओ हा शब्द निघता निघता राहिला.

पोटऱ्या दाबल्या की ओरडतो. मांड्या ठीक. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो, घोट्याचीही प्रतिक्रिया आहे. पायाला स्पर्श कळतो. बसल्या बसल्या बोटे हलवतो, हाताला लाथ मारायला सांगितले तर आनंदाने मारतो. टाचा टेकवत नाही कारण टाच टेकवली की सुजलेली पोटरी ताणली जाते. एवढेच.

1957 मध्ये आके लुंडबर्ग या स्वीडिश डॉक्टराने हे दुखणे पहिल्यांदा नीट लिहिले. फ्लूनंतर, विशेषतः बी प्रकारच्या फ्लूनंतर, शाळकरी मुलांच्या पोटऱ्या अशा सुजतात. सीपीके हजारात जाते आणि पोर आठवड्याच्या आत अंगणात. उपचार म्हणजे पाणी, पॅरासिटामॉल, आणि लघवीच्या रंगावर आईची नजर. त्या पोराला सुई देण्यासारखे काहीही नसते आणि तरीही ती न देता घरी पाठवणे हे त्या दिवसातले सर्वांत अवघड काम असते. "डाक्टर, निस्त्या पाण्यानं बरं व्हायचं व्हय?" असे आजी विचारते, आणि तिच्या दृष्टीने प्रश्न बरोबर आहे : भाडे खर्चून आली आहे.

पण हातोडी मारल्यावर पाय उडाला नसता तर? पंधरा वर्षांखालच्या मुलाला अचानक लुळेपणा आला की कारण काहीही वाटो, आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवायचे. 24 तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने जातात, 14 दिवसांच्या आत. देशात जंगली पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावड्याला सापडला. तरी हा नियम अजून आहे, आणि असावा.

*

रबरी हातोडी. टेबलाच्या खणात असते, पेपरवेट म्हणून वापरली जाते. 2025 च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागात गियाँ-बारे सिंड्रोमची साथ आली, दोनशेहून अधिक संशयित रुग्ण झाले, तेव्हा तिच्यावरची धूळ निघाली. त्या आजारातही सुरुवातीला कंबर आणि मांड्या दुखतात. आठवडा-दोन आठवडे आधी बऱ्याचदा जुलाब झालेले असतात. फरक हातोडी सांगते : स्नायूच्या सुजेत प्रतिक्रिया टिकतात, गियाँ-बारेत जातात. आणि लुळेपणा पायांकडून वर चढतो. पुण्याहून सुट्टीला आलेली मुले त्या महिन्यात जरा जास्तच ठोकून पाहिली.

*

हाडमोड्या ताप. बार्शी इथून काही फार लांब नाही. 1973 मध्ये तिथे चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, आताच्या एनआयव्हीने, तिचा अभ्यास केला. मग तीस वर्षे सगळे शांत. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना हा आजार परीक्षेपुरता. मध्ये 2000 साली यवतच्या डासांमध्ये विषाणू सापडला होता, पण गाजावाजा झाला नाही. 2005-06 मध्ये तो परतला तेव्हा नगर जिल्ह्यात गावेच्या गावे वाकून चालत होती. यवतचा विषाणू आणि नव्या साथीचा विषाणू एकाच घराण्याचे निघाले, हे नंतर कळले.

चिकुनगुन्या सांध्यांना धरतो : मनगट, घोटे, बोटांची पेरे. डेंग्यू स्नायूंना आणि डोळ्यांच्या मागे. दोन्हीत माणूस "अंग मोडून आलंय" म्हणतो, म्हणून एक बोट ठेवून दाखवायला सांगावे. बोट सांध्यावर पडते की मांसावर, ते बघावे. डेंग्यूचा संशय असेल तर डायक्लोफिनॅक नाही आणि कमरेत सुई तर नाहीच. प्लेटलेट उतरलेल्या माणसाच्या कुल्ल्यात रक्ताची गाठ धरते.

*

डोळे लाल, पण चिपडे नाहीत. पोटऱ्यांना हात लावू देत नाही. ताप, लघवी कमी. गोठ्यात शेण काढतो किंवा पाण्यात उभा राहून काम करतो. हा लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबई तो ओळखायला शिकली, कोकण त्याआधीपासून ओळखते. आमच्या दुष्काळी टापूत त्याची आठवण कोणाला होत नाही, आणि कुकडीचे पाणी आले, ऊस आला, उसाबरोबर उंदीर आले, हे ध्यानात राहत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये 1930 च्या दशकात ऊसतोड्यांना हाच ताप आला. उंदरांच्या मुताने भिजलेल्या पाचटात हात घालून काम. तोडणीआधी ऊस पेटवा म्हणजे उंदीर जातील, अशी कामगारांची मागणी होती. 1935 मध्ये त्यासाठी संप झाला. आपल्याकडेही फड पेटतो, पण कारण वेगळे आणि जळीत उसाला कारखान्याची कपात वेगळी.

ऊसतोड्यांच्या मूत्रपिंडांचे आणखी एक प्रकरण मध्य अमेरिकेत, निकाराग्वा आणि एल साल्वाडोरमध्ये चालू आहे : ना मधुमेह, ना रक्तदाब, आणि तरुण माणसे डायलिसिसवर. ऊन, पाण्याची कमतरता, रोजची थोडी थोडी स्नायूंची झीज आणि वर वेदनाशामक गोळ्या, यांवर संशय आहे. जामखेड, पाथर्डी, आष्टीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या टोळ्यांचे मुकादम गोळ्यांची पाकिटे जवळ बाळगतात. दुखले की एक, रात्री गाडी भरायची म्हणून आणखी एक. परत आल्यावर चार महिन्यांनी पाय सुजून येणाऱ्याला मी आता आधी क्रिएटिनिन करायला सांगतो. "कोयता सोडवत नाही, गोळी सोडतो" असे एकाने सांगितले. त्याच्या उचलीचा हिशोब ऐकल्यावर पुढे काय बोलायचे ते सुचले नाही.

*

मांडीत एकाच जागी ठणका. सुरुवातीला वरून काही दिसत नाही; कातडी ठीक, ताप थोडा, हात लावला तर आतून लाकडासारखे कडक. आठ-दहा दिवसांनी तिथे पू. जपानमध्ये काम करणाऱ्या ज्युलियस श्रीबा या जर्मन सर्जनने 1885 मध्ये याचे वर्णन केले. मधुमेही माणसात जास्त, मार लागलेल्या जागी जास्त. सोनोग्राफीत सहज सापडते. रगडल्याने पसरते. आणि सुई दिलेल्या जागीच झाले असेल तर घरचे सगळे गप्प बसतात, डॉक्टर सगळ्यात जास्त.

*

पावसाळ्यात पहाटे आलेल्या अंगदुखीवर वेगळा नियम. जमिनीवर झोपला होता का?

मण्यार रात्री चावते आणि चावल्याचे बहुधा कळतही नाही. दातांच्या खुणा सापडत नाहीत. माणूस पहाटे पोटात कळ, घसा दुखतोय, अंग ठणकतंय म्हणून उठतो. पोटाचे इंजेक्शन मिळते, अंगदुखीचे मिळते. तासाभरात पापण्या जड, मग गिळता येत नाही, मग श्वास. "वर बघा आणि बघतच राहा" असे सांगून मिनिटभर पापण्यांकडे बघायचे. हळूहळू खाली येऊ लागल्या की खूण शोधत वेळ घालवायचा नाही. सापाची लस, श्वासाची तयारी, रुग्णवाहिका.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशातले मृत्यू रोखायचा मार्ग बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्र रात्र खाटेशेजारी बसून शोधला. तिथे काय यंत्रे होती? बघत बसण्याची सोय होती.

*

पिशवीतल्या गोळ्या टेबलावर ओतायला सांगणे, हे निम्मे निदान. मुलाने पुण्याहून पाठवलेली कोलेस्टेरॉलची गोळी, कोणीतरी खोकल्यावर दिलेले क्लॅरिथ्रोमायसिन. दोन्ही एकत्र आली की ॲटोरव्हास्टॅटिनचे रक्तातले प्रमाण वाढते आणि मांड्या बोलू लागतात. 2001 च्या ऑगस्टमध्ये बायरने सेरिव्हास्टॅटिन जगभरातून मागे घेतले ते स्नायू फुटून झालेल्या मृत्यूंमुळेच. म्हणून सगळ्या स्टॅटिनना घाबरून हृदयाचा पेशंट ती स्वतःच बंद करतो, हेही वाईट. थायरॉइड एकदा बघावे. ते कमी असले तर स्नायू आधीच कच्चे असतात आणि बदनामी गोळीची होते.

पिशवीत कागदात बांधलेल्या पुड्याही निघतात. "सांधेदुखीवर जालीम." त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असते. वर्षभर घेऊन अचानक बंद केल्यावर येणारी अंगदुखी आणि गळाठा यांचे कारण सीपीकेत सापडत नाही, पुडीत सापडते.

*

पापण्यांवर जांभळट झाक, बोटांच्या सांध्यांवर लालसर पुरळ, आणि खालून उठता येत नाही. "उन्हाची ॲलर्जी" म्हणून मलम चालू. याला डर्माटोमायोसायटिस म्हणतात. 'दंगल'मध्ये लहान बबिता झालेली सुहानी भटनागर 2024 च्या फेब्रुवारीत वयाच्या अवघ्या 19 व्या वर्षी याच आजाराने गेली, तेव्हा हे नाव घराघरात आठवडाभर होते. नंतर एक-दोन जणी स्वतःच हात पुढे करून विचारायला आल्या. दोघींनाही तसले काही नव्हते. एकीला धुण्याच्या सोड्याने झाले होते. विचारले हे उत्तमच. चाळिशीनंतर मात्र हा आजार निघाला तर कुठे कॅन्सर दडलेला नाही ना, तेही शोधावे लागते.

*

नगरला पाठवताना चिठ्ठीत लिहितो : कधीपासून, दुखते की बळ नाही, मांड्या-दंड की पंजे, प्रतिक्रिया आहेत की नाहीत, शेवटची लघवी किती वाजता, रंग कोणता, पट्टी काय म्हणाली, ताप, जुलाब, श्रम, गोठा, जमिनीवर झोप, पिशवीतल्या सगळ्या गोळ्यांची नावे, आणि सुया किती, कुठे, किती वाजता. शेवटची ओळ भरून घेताना सर्वांत जास्त वेळ जातो, कारण मधल्या दवाखान्याचे नाव सांगायला लोक तयार नसतात. नाव नको, वेळ सांगा, असे म्हटले की सांगतात.